भीतीची हजेरी

नारायणगुडा, हैदराबाद
(राज्य कोणते, ते पोस्टखात्यास विचारावे)
१० फेब्रुवारी १९५७

चि. हिम्मतराव यांस अनेक आशीर्वाद.

आपल्याविरुद्ध एक गंभीर फिर्याद दाखल करीत आहे. आपण दार्जिलिंगहून पाठवलेले पार्सल आबिड्सच्या पोस्टातून मी जातीने सोडवून आणले. मेव्हणा चहाच्या मुलखात सुभेदार, डोंगर चढायच्या शाळेत उस्ताद. मला वाटले, चहा असेल. सबंध वाटभर रिक्षात मी ते मांडीवर घेऊन बसलो. उघडले तर बूट. तेही वापरलेले, आणि तळव्याला खिळे ठोकलेले.

मार्चच्या तुकडीत भाच्याला जागा मिळवून दिलीत, उपकार आहेत. पण 'बूट घरात घालून मऊ करावेत' हा आपला हुकूम सूर्यभान वेदवाक्यासारखा पाळतो. कचेरीतून आला की बूट चढवून स्वयंपाकघर ते सज्जा, सज्जा ते स्वयंपाकघर. जेथे जेथे सूर्यभान तेथे तेथे खणखणाट, ही व्याप्ती आता निरपवाद सिद्ध झाली आहे. शहाबादी फरशीवर असे ओरखडे उमटलेत, जणू कुणी नवी लिपी शोधून काढली. परवा खालचे हकीमसाहेब छत्री घेऊन वर आले. म्हणाले, "मास्टरसाब, उप्पर घोडा बांध लिए क्या? रेस का है तो मलकपेठ भेज देव, यहाँ कैकू रखे?" मी हसलो. तुमची बहीण पदर तोंडाला लावून हसली. सूर्यभानला मात्र विनोद रुचला नाही. बूट काढले, खाटेखाली सारले आणि गच्चीवर निघून गेला. हल्ली त्याला विनोद पचत नाहीत. जठराग्नी मंद झाला असावा.

बाकी तयारी चोख. दर रविवारी मौलाअलीच्या पहाडीवर जाऊन तो धोंडे चढतो. शरीराचे तुम्ही पाहा, मनाचे मी पाहिले आहे. सहा वर्षांचा असताना त्याला अंधारात विहिरीवर तांब्या घेऊन पाठवत असे. भय हा शब्द आमच्या घरात फक्त पंचमी विभक्तीच्या उदाहरणापुरता. तरी डोंगरासाठी मनाची आणखी काय तयारी लागते ते कळवावे, म्हणजे राहिलेला भाग महिनाभरात उरकून घेतो.

शाळेचे विचाराल तर राज्याची वाटणी झाल्यापासून निम्मी मुले बापांच्या बदल्यांबरोबर औरंगाबाद-नांदेडकडे गेली. संस्कृतच्या तासाला आता मी बाकांना शिकवतो. बाके शांत बसतात, एवढे खरे.

आपला,
एकनाथ


दार्जिलिंग
२१ फेब्रुवारी १९५७

ती. दाजी यांसी हिम्मतरावचा साष्टांग नमस्कार.

गुन्हा कबूल. तुमचे पत्र मी दोनदा वाचतो, एकदा हसायला आणि एकदा अर्थ लावायला. हकीमसाहेबांना माझा सलाम सांगा, पण बूट काढू देऊ नका. बर्फावर बूट मऊ करायला निघालेल्याच्या टाचेची सालटी निघतात, आणि मग चालणेच त्याच्या मनातून उतरते.

मनाच्या तयारीचे विचारलेत. महिनाभरात उरकायला तो तुमचा धडा नव्हे, दाजी. लढाईत इटलीच्या डोंगरांत आमच्या पलटणीने हिवाळे काढले, तिथे जे कळले तेच इथे पोरांना सांगतो. दुश्मनाला तुमची खबर असते, डोंगराला नसते. त्याला तुमचा राग नाही की लोभ नाही. त्याच्याशी भांडायला जाणारा फुकट दमतो. इथे येणारी पोरे, त्यातून फौजेतली, पहिल्या दिवशी दातओठ खात चढतात. असल्याला मी मागे आणतो आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पाठीशी उभा करतो. त्याने पाऊल उचलले की तू उचल. सकाळभर पोरगा धुमसतो. दुपारपर्यंत त्याचा श्वास जागेवर येतो. पलटणीची चढणीवरची चाल सर्वांत मंद पाय ठरवतो. यात ज्याला कमीपणा वाटेनासा झाला, त्याचे मन थोडे तयार झाले म्हणा.

आणि माघार. फौजेत माघारीचा हुकूम वरून येतो, शिव्या द्यायला कुणीतरी साहेब असतो. डोंगरावर टोक हाकेवर दिसत असताना तो हुकूम आपला आपल्याला द्यावा लागतो. भल्याभल्यांना जमत नाही.

विहिरीचे लिहिलेत. तो तेव्हा भ्याला नव्हता, हे तुम्हाला कसे कळले?

सूर्यभानचे लग्न पुढे ढकलल्याचे ताईने कळवले होते. बरेच झाले. कोर्स आटोपून येईल, मग हळद लागेल. मीही रजा काढून येतो. त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवावी. इथले जेवण म्हणजे शिक्षा आहे.

तुमचा,
हिम्मतराव


नारायणगुडा, हैदराबाद
३ एप्रिल १९५७

चि. हिम्मतराव यांस अनेक आशीर्वाद.

सूर्यभानचे कार्ड आले. संपूर्ण मजकूर असा: "सुखरूप पोचलो. थंडी आहे." सूत्रकारांनी हात टेकावेत असा संक्षेप! त्यावर मला तुमच्या ताईसाठी, कुसुमसाठी, रोज नवे भाष्य करावे लागते. 'थंडी आहे' म्हणजे स्वेटर पुरतो की पुरत नाही, यावर काल आमचे दोन पक्ष पडले आणि भात करपला.

त्याच्या कचेरीचा शिपाई येऊन गेला. तिथे अजून वाटणीच चालू आहे. त्याचे टेबल आंध्रकडे राहिले, खुर्ची मुंबई राज्याकडे निघाली. साहेब कुणीकडचे ते ठरेपर्यंत रजा मंजूरही होत नाही आणि नामंजूरही होत नाही. कोणत्या राज्यात नोकरी करणार असे सरकारने गेल्या वर्षी विचारले, तेव्हा हा मला न विचारता 'हैदराबाद' लिहून मोकळा झाला. का, ते त्याचे त्याला ठाऊक. मी स्वतः कुठचा, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही. नांदेडच्या शाळेत जागा आहे म्हणतात. इथली शाळा चालेल असेही म्हणतात. म्हणणारे दोन्ही वेळा तेच असतात.

हेडमास्तरांनी मात्र सूर्यभानचे व्याख्यान ठरवून टाकले आहे. विषय 'हिमशिखरावर मराठी पाऊल'. फळ्यावर रंगीत खडूने डोंगरही काढून ठेवला. शिखराचे नाव विचारत होते. मी म्हणालो, "हिमालय." तूर्त एवढ्यावर भागले. तरी नाव त्वरित कळवावे, आणि त्या पोराला म्हणावे, बापाला चार ओळी लिहिल्याने हात गोठत नाहीत.

आपला,
एकनाथ


दार्जिलिंग
१४ एप्रिल १९५७

ती. दाजी यांसी साष्टांग नमस्कार.

काल बर्फावरून खाली आलो. खडकावर सूर्यभान सगळ्या तुकडीत सरस ठरला. हात पक्का, पाय हलका. हे ताईला वाचून दाखवा.

पुढचे तुमच्यापुरते. शेवटच्या चढाईला मी त्याला नेले नाही. तळावर भांड्यांपाशी ठेवले.

इटलीत आमचे एक हवालदार होते, अप्पाराव. चढाईच्या आधी सगळ्यांना चहाचे मग घेऊन गोल बसवायचे आणि हजेरी घ्यायचे. नावाची नव्हे. आज कशाची भीती वाटते, ते प्रत्येकाने बोलायचे. आधी स्वतः सांगायचे, "मला आज माझ्या गुडघ्याची भीती वाटते." मग कुणी म्हणे ओल्या दगडांची. कुणी म्हणे, मला नेमका तिथे गेल्यावर खोकला येईल. एक जण म्हणाला, "सासूची." आम्ही हसलो. अप्पाराव हसले नाहीत. "पुन्हा सांग," म्हणाले. तेव्हा तो गडी रडला, आणि मग खरे बोलला. भीती सांगितली की शेजारचा ती ध्यानात ठेवी, जागा आली की हात पुढे करी. आणि 'कसलीच नाही' म्हणणारा त्या दिवशी खेचरांपाशी थांबे. शिक्षा म्हणून नव्हे. अप्पाराव म्हणत, "ह्याचा मला अंदाज येत नाही."

ती हजेरी मी इथे घेतो. एक जण म्हणाला, दोर धारेवर कापला जाईल याची भीती वाटते. एकाला बर्फातल्या भेगांची, एकाला उंचीवरच्या उलट्यांची. सूर्यभान म्हणाला, "कसलीच नाही, मामा." मी पुन्हा विचारले. म्हणाला, "खरंच नाही."

त्याने भांडी घासली, तंबू झाडले, आम्ही उतरलो तेव्हा गरम पाणी तयार ठेवले. कुरकुर नाही की रुसवा नाही. माझ्यावर चिडला असता तर मला बरे वाटले असते.

दाजी, घरी काही घडले आहे का?

हिम्मतराव


नारायणगुडा, हैदराबाद
२२ एप्रिल १९५७

चि. हिम्मतराव यांस आशीर्वाद. ('अनेक' हे विशेषण या खेपेस बुद्ध्या गाळले आहे.)

तुमचे पत्र वाचून मी शाळेत गेलो, आणि नववीच्या मुलांना आठवीचा धडा शिकवून आलो. चोवीस वर्षे खपून ज्याला मी निर्भय केला, त्याला तुम्ही निर्भय असल्याच्या आरोपावरून भांडी घासायला बसवलेत! हा न्याय कोणत्या शास्त्रातला? उद्या पोहता येते म्हणून माणसाला होडीतून उतरवाल. आणि जी पोरे उलटीला भितात, ती वर गेली!

हेडमास्तरांचा डोंगर अजून फळ्यावर आहे. इतिहासाचे देशपांडे रोज त्याला बर्फ वाढवतात. मी स्टाफरूममध्ये काय सांगू? मुलगा धीट निघाला, म्हणून नापास? तुमच्या अप्पाराव हवालदारांची रीत पलटणीत शोभत असेल. लढाईत समोरून गोळी येते. इथे समोर दगड आहे आणि वर बर्फ. त्यासाठी चहा पिऊन रडगाणे कशाला?

तो बोलत नाही, ही तक्रार तर मला समजतच नाही. माझे वडील जन्मात माझ्याशी जेवढे बोलले, तेवढे एका कार्डावर मावेल, आणि वर पत्त्याला जागा उरेल. आमच्याकडे पुरुष असेच असतात. तुमच्याकडचे जरा बोलघेवडे, हे मी लग्नातच पाहिले होते.

घरी काही घडले का म्हणून विचारता. घरी काय घडायचे? राज्य मोडले, शाळा मोडकळीला आली, नांदेडचा हुकूम येतो येतो म्हणतो आणि येत नाही. एवढे सोडून सर्व क्षेम.

कुसुमला खडकाचा भाग वाचून दाखवला. पुढचा गाळला. तिने देवापुढे साखर ठेवली. तिच्या मते तुम्ही त्याला टोकावर नेलेत. आता हे मी कसे निस्तरू, तेवढे सुभेदारसाहेबांनी कळवावे.

एकनाथ


दार्जिलिंग
२९ एप्रिल १९५७

ती. दाजी यांसी साष्टांग नमस्कार.

रागावलात, ठीक आहे. रागावलेल्या माणसाचा मला अंदाज येतो.

कोर्स संपला. येत्या पंधरवड्यात आमची एक छोटी तुकडी वरच्या एका शिखरावर निघते. सूर्यभान मागे थांबला आहे, आपल्याला त्यात घ्यावे म्हणून त्याने अर्ज केला आहे. हाताचे कसब बघता, त्याच्याइतका लायक दुसरा नाही. त्याच्या दोरावर आणखी दोघे असतील. एक गढवालचा कप्तान, त्याला लहान मुली आहेत. दुसरा इथलाच शेर्पा, नुकते लग्न झालेला. कुणाला घ्यायचे ते मी ठरवणार.

काल त्याला एकट्याला बसवून पुन्हा हजेरी घेतली. या वेळी म्हणाला, "दोर धारेवर कापला जाईल याची भीती वाटते." मागच्या खेपेला शेजारच्या पोराने म्हटलेले वाक्य, शब्दाला शब्द. पाठ करून आला होता. तुमचाच मुलगा.

आता जे लिहितो ते ताईलाही कधी सांगितलेले नाही. अप्पारावांची ही हजेरी सुरुवातीपासून नव्हती. त्याआधी आमच्यात एक शिपाई होता, चांगला हसतमुख. कुठेही पाठवा, तयार. आम्ही त्याला वाघ म्हणायचो. एका टेकडीवर गोळीबारात सगळे आडवे झालो असताना हा उभा राहून चालू लागला. पळाला नाही, ओरडला नाही. शेतावर निघालेला माणूस चालतो तसा. त्याला ओढून आणायला दोघे उघड्यावर गेले. तिघेही तिथेच संपले. पुढे त्याच्या गावचा एक जण भेटला, तेव्हा कळले, की त्याची बायको बाळंतपणात गेली होती. ही बातमी येऊन महिना झाला होता. तेवढा महिना तो आमच्यात जेवत होता, पत्ते खेळत होता. एकाला बोलला नाही. आम्हीही कुणी विचारले नाही, वाघ म्हणत राहिलो.

अप्पारावांनी हजेरी सुरू केली ती त्यानंतर.

दाजी, मी त्याला आजच गाडीत बसवू शकतो. पण कारण नसताना बसवले तर ते मनाला लागेल त्याच्या, आणि चांगला गडी हातचा जाईल. घरचे मला तुमच्याखेरीज कोण सांगणार? ताईची पत्रे तुम्ही सांगता तशीच येतात, हे मी ओळखतो. तेव्हा खरे असेल ते लिहा. संस्कृत नको.

हिम्मतराव


नारायणगुडा, हैदराबाद
५ मे १९५७

चि. हिम्मतराव यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र कितीदा तरी सुरू करून फाडले. प्रत्येक वेळी पहिल्याच ओळीत एक विनोद येऊन बसे आणि त्याच्या आडोशाला बाकीचे पत्र झोपी जाई.

लग्न पुढे ढकललेले नाही. मोडले आहे. तसे लिहू नकोस, असे कुसुमला मीच सांगितले होते. मला वाटले, जुळेल पुन्हा.

मलकपेठचे नामदेवराव तुम्ही सुपारी फोडताना पाहिलेच आहेत. त्यांची इंदू आणि सूर्यभान यांची एकमेकांना पसंती आपल्या सगळ्यांच्या आधीची होती. ते तेव्हा आम्हाला दिसले नाही, नंतर कळले. गेल्या वर्षी राज्य कोणते म्हणून विचारले, तेव्हा सूर्यभानने हैदराबाद लिहिले. का, ते मला ठाऊक होते. ती मलकपेठला होती म्हणून. त्याच आठवड्यात नामदेवरावांनी स्वतःसाठी औरंगाबाद लिहिले. जावई आपल्यामागून येणारच, मराठी माणूस इथे कशाला राहील, असे ते धरून चालले. याने धरले, की सासरे मलकपेठ सोडून कुठे जातात! कुणी कुणाला विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे, असे कुणाला वाटलेच नाही.

नोव्हेंबरात नामदेवराव आले. चहा घेतला. म्हणाले, "मास्तर, मुलगा सोन्यासारखा आहे हो. पण आता परराज्यात लेक द्यायची म्हणजे..." मी म्हणालो, "नामदेवराव, रात्री गाडीत बसले की सकाळी गाव येतं!" ते म्हणाले, "गाव येतं. पण तिला इथे माणूस कोण? तुम्हीच उद्या नांदेडला निघालात तर?" आपण नांदेडला जाणार की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आजही नाही. सूर्यभानने बदली मिळवण्यासाठी साहेबांच्या दारी खेटे घातले. एकदा लिहून दिलेले राज्य बदलत नाही, असे साहेब म्हणाले. डिसेंबरात ती मंडळी औरंगाबादला गेली. या महिन्यात जालन्याला तिचे लग्न आहे. पत्रिका आम्हालाही आली.

सूर्यभान "ठीक आहे, बाबा" एवढे बोलला. दुसऱ्या दिवशी दाढी करून वेळेवर कचेरीत गेला. एक जेवण चुकवले नाही. मी मनात म्हटले, शाबास. धैर्य म्हणतात ते हे. स्टाफरूममध्येही असेच सांगितले.

जानेवारीत एका रविवारी त्याच्याबरोबर मौलाअलीला गेलो होतो. मी खाली सावलीत बसलो, तो एका मोठ्या धोंड्यावर चढत होता. अर्ध्यावर पाय सुटला. एका हाताने लोंबकळला. मी ओरडलो. हिम्मतराव, त्याने घाई केली नाही. पायाने आधार शोधला नाही. दुसरा हात वर नेला नाही. तसाच लोंबत इकडेतिकडे बघत राहिला, स्टँडवर बसची वाट बघणारा माणूस बघतो तसा. मग केव्हातरी, आठवण झाल्यासारखा, पाय टेकवला आणि वर गेला. खाली येऊन मलाच विचारतो, "ओरडलात कशाला?"

ते मी तुम्हाला लिहिले नाही. कुसुमलाही सांगितले नाही. निर्भय म्हणतात तो हाच, असे स्वतःला समजावत आलो. तुमच्या त्या शिपायाबद्दल वाचले आणि पत्र हातातून खाली ठेवावे लागले.

न्यायचे की घरी पाठवायचे, ते तुम्ही ठरवा. घरी पाठवलेत तर इथे मी त्याला काय देणार आहे, हेही मला माहीत नाही. पण त्या दोरावर मुलींचा बाप आहे, म्हणून लिहिणे भाग होते.

तो पडेल, ही काळजी कुठल्याही बापाला असते. मलाही आहे. पण रात्री झोप उडते ती वेगळ्याने. पडताना त्याला काही धरावेसे वाटेल की नाही, हे मला सांगता येत नाही.

एकनाथ